कुंपणाबाहेरची जमीन कोणाच्या हिशेबात?

(नाशिक जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेवर आपल्या बैठकांत आजवर बोलणे झाले ते बिलावर, भारनियमनावर आणि जळालेल्या डीपीवर. आजचा विषय विजेच्या दराचा नाही, जिवाचा आहे. गावाला लागून ३३ केव्हीचे उपकेंद्र आहे. त्याच्या कुंपणाशी घरे आहेत, गोठे आहेत, पोरांची शाळेची पायवाट आहे. त्या उपकेंद्राच्या पोटात जमिनीखाली जे लोखंड पुरले आहे ते कशासाठी, कोणाच्या रक्षणासाठी, आणि ते धड आहे की नाही हे गावाने कसे ओळखायचे, एवढाच आजचा प्रश्न.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. मग विजेच्या जमिनीखालच्या कामात नाक का खुपसतो, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. अर्थिंग म्हणजे निम्मे लोखंड आणि निम्मी माती. लोखंडाचा भाग इंजिनिअर साहेबांचा. मातीचा भाग मात्र तुमचा आमचा आहे, आणि अर्थिंगचा हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा मातीतच चुकतो.

आधी काय घडते ते समजून घेऊ. वीज जिथून निघते तिथे परत जाते, हा तिचा धर्म. ३३ केव्हीच्या लाइनचा इन्सुलेटर यार्डात फुटला, किंवा तार तुटून लोखंडी सांगाड्यावर पडली, तर तो करंट सांगाड्यातून पट्टीत, पट्टीतून जमिनीखालच्या मॅटमध्ये आणि मॅटमधून मातीत उतरतो. त्याला जायचे असते दहा-वीस किलोमीटरवरच्या १३२ केव्हीच्या मोठ्या केंद्राकडे, जिथून ही लाइन आली. रस्ता कुठला? आपल्या शेताखालचा. हा करंट घरातल्या फ्यूजचा नव्हे, हजार-दोन हजार अँपिअरचा असू शकतो. आता गुणाकार करा. मॅटचा मातीशी विरोध एक ओहम आणि करंट दीड हजार अँपिअर, तर जेवढा वेळ दोष चालू आहे तेवढा वेळ ते सगळे यार्ड, सांगाडा, मॅट आणि मॅटला चिकटलेली माती, दीड हजार व्होल्टवर चढते. यात कोणाची चूक नाही. उत्तम बांधलेल्या उपकेंद्रातही हे होते.

मग माणूस मरत का नाही? खळ्यावरची धान्याची रास डोळ्यांसमोर आणा. राशीचा माथा सपाट असेल तर त्यावर चालणाऱ्या मुंगीला उंचीचा त्रास नाही, कारण तिचे सगळे पाय एकाच उंचीवर आहेत. त्रास होतो तो उतारावर. अर्थिंगची मॅट म्हणजे जमिनीत साधारण दोन फुटांवर पट्ट्यांची जाळी टाकून व्होल्टेजच्या राशीचा माथा सपाट करण्याची युक्ती. आतला ऑपरेटर त्या माथ्यावर उभा असतो. उतार सुरू होतो तो जाळी संपते तिथे, आणि जाळी संपते कुंपणापाशी. उतारावर कोण राहतो ते सांगायला नको.

हा उतार दोन तऱ्हेने मारतो. एक, हात लोखंडाला आणि पाय जमिनीवर, त्याला स्पर्श व्होल्टेज म्हणू. दुसरे, एक पाय इथे आणि दुसरा पावलाभर पुढे, ते पाऊल व्होल्टेज. माणसाचे पाऊल हिशेबात एक मीटरचे धरतात. गाईबैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर पडते, आणि तो करंट छातीतून जातो. म्हणून एकाच जागी माणसाला झिणझिण्या येतात आणि जनावर आडवे होते. उपकेंद्राजवळ, डीपीजवळ, खांबाच्या ताणाजवळ जनावर दगावले तर ‘करंट उतरला होता’ म्हणून सोडून देऊ नका. त्या जागेने सूचना दिली आहे.

किती व्होल्टपर्यंत माणूस निभावतो, याचा हिशेब अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिल या प्राध्यापकांच्या कामावरून ठरला. जगभरचे इंजिनिअर ‘आयईईई ८०’ नावाची मार्गदर्शिका वापरतात. ती १९६१ मध्ये पहिल्यांदा निघाली, तिच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या. तिच्यात पन्नास किलोच्या माणसासाठी सूत्र असे आहे : दोष जेवढे सेकंद टिकेल त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने ०.११६ ला भागा. येईल तेवढे अँपिअर हृदय सोसू शकते, असे धरायचे. अर्ध्या सेकंदासाठी हे येते ०.१६४ अँपिअर. अंगाचा विरोध हजार ओहम धरतात. पायाखालची माती जितकी कोरडी, तितकी तिची भर पडते.

आता हेच सूत्र कुंपणाच्या दोन बाजूंना लावू. यार्डात चार इंच जाडीची स्वच्छ खडी पसरलेली असते. ती शोभेसाठी नसते आणि चिखल होऊ नये एवढ्यासाठीही नसते. खडीचा विरोध मातीच्या कित्येक पट असतो, ती पायाखाली अडसर घालते. खडीवर उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्या सेकंदाच्या दोषात स्पर्श व्होल्टेज साधारण पावणेसातशे व्होल्टपर्यंत चालते, असे गणित येते. कुंपणाबाहेर ओल्या काळ्या रानात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तेच गणित केल्यावर येतात जेमतेम एकशेसहासष्ट व्होल्ट. म्हणजे बूट घालून खडीवर उभा राहणारा, पगारी, शिकवलेला माणूस पावणेसातशे सोसू शकतो. आणि बारे देणारा अनवाणी शेतकरी, धुणे वाळत घालणारी बाई, कुंपणाला लोंबकळणारे पोर, यांना एकशेसहासष्टच्या वर चालत नाही. पोराचे वजन पन्नास किलोही नसते, त्याला त्याहून कमी. यार्डाच्या आतला हिशेब जमला, मॅटचा विरोध अमुक ओहम आला, कागदावर सही झाली, एवढ्यावर काम संपत नाही. कुंपणाच्या बाहेर एक मीटरवर उभ्या माणसाचे काय, हे गणित वेगळे करावे लागते. आम्ही ज्या प्रश्नासाठी आज उभे आहोत तो हाच.

त्यावर उपाय नाहीत असे नाही, महागही नाहीत. कुंपण मॅटला जोडायचे असेल तर मॅटची एक पट्टी कुंपणाच्या बाहेर मीटरभर अंतरावर सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि खडीही तेवढी बाहेर न्यायची. मग कुंपणाला हात लावणारा माणूस माथ्यावरच उभा असतो. फाटक बाहेर उघडत असेल तर फाटक जिथवर फिरते तिथवर पट्टी गेली पाहिजे. कुंपण मॅटला जोडायचे नसेल तर त्याला स्वतःचे वेगळे अर्थ द्यायचे आणि मॅट कुंपणापासून दोनेक मीटर आत थांबवायची, म्हणजे एक हात कुंपणाला आणि दुसरा आतल्या सांगाड्याला लागणार नाही. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती अर्धवट पद्धत : कागदावर कुंपण वेगळे, आणि प्रत्यक्षात एखादा पाण्याचा लोखंडी पाइप नाहीतर दिव्याच्या केबलचे आवरण त्याला आतल्या लोखंडाशी चोरून जोडून बसलेले.

आता मातीकडे येतो. माती परीक्षणाचा कागद तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यात सामूच्या खाली ईसी असा रकाना असतो. क्षार किती हे पाहायला मातीच्या द्रावणातून वीज किती सहज जाते ते मोजतात. अर्थिंगवाला इंजिनिअर त्याच गुणाची उलटी बाजू मोजतो. वीज जाताना माती किती अडवते, ते ओहम-मीटरमध्ये. फरक एवढाच की प्रयोगशाळेतली माती पाणी घालून कालवलेली असते, आणि त्याला हवी असते जागेवरची, जशी आहे तशी. ओल, क्षार, चिकणमाती जास्त तर विरोध कमी. मुरूम आणि खडक लागला की विरोध वाढतो.

आपला नाशिक जिल्हा या बाबतीत एक जिल्हा नाहीच. निफाडच्या खोल काळ्या रानात ओल असताना वीस ओहम-मीटर मिळू शकेल. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या माळावर, सिन्नर-नांदगावच्या मुरमाड उंचवट्यावर दोनशे, आणि खाली कातळ लागला तर हजारावर. आता चाळीस मीटर बाय चाळीस मीटरचे यार्ड घ्या, त्यात पाचशे मीटर पट्टी पुरा. वीसच्या मातीत मॅटचा विरोध येतो साधारण पाव ओहम. तीच मॅट, तेवढेच लोखंड, तोच ठेकेदार, दोनशेच्या मुरमात विरोध येतो अडीच ओहमच्या वर. दीड हजार अँपिअरला पहिल्या ठिकाणी यार्ड चारशे व्होल्टच्या आत राहील, दुसऱ्या ठिकाणी चार हजारांच्या जवळ जाईल. करंट थोडा घटेल हे खरे, पण चित्र बदलत नाही. सबंध जिल्ह्याला खताची एकच शिफारस छापली की आपण हसतो. सबंध जिल्ह्याला अर्थिंगचा एकच नकाशा वापरला तर हसायचेही कारण उरत नाही.

माती मोजण्याची रीत जुनी आहे. फ्रँक वेन्नर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९१५ मध्ये मांडली. चार खुंट्या एका ओळीत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांत व्होल्टेज मोजायचे. खुंट्यांतले अंतर वाढवत नेले की मोजणी खोल जाते. एक मीटरवर वरची काळी माती बोलते, चार-आठ मीटरवर खालचा मुरूम नि खडक बोलू लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हाच थर आहे : वर हात-दोन हात काळी, खाली मुरूम, मग बसाल्ट. एकाच अंतरावर एकदा मोजून आकडा लिहिला असेल तर त्याने वरची माती मोजली आणि खालचा दगड सोडून दिला, असे समजा. अशा जमिनीत तीन मीटरच्या कांबी ठोकून भागत नाही, त्या मुरमात वाकतात. जाळी दाट करावी लागते, नाहीतर बोअर घेऊन खोल इलेक्ट्रोड सोडावा लागतो आणि त्याभोवती बेंटोनाइट भरावे लागते. बेंटोनाइट म्हणजे काही परदेशी औषध नव्हे, आपल्या काळ्या मातीत जी फुगणारी चिकणमाती असते तिच्याच कुळातली ती माती. मीठ आणि कोळसा घालून खड्डा भरण्याची जुनी चाल आहे. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जाते आणि जाताना पट्टी खाऊन जाते. निफाड भागात पाटपाण्याने चोपण झालेल्या जमिनी आहेत. तिथे मॅटचा विरोध छान कमी येतो, आणि लोखंड गंजतेही तितक्याच वेगाने. पंधरा-वीस वर्षांनी जमिनीखाली पट्टी आहे की गंजाची रेघ आहे, हे उकरल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मात्र इंजिनिअरांच्या पुस्तकापेक्षा शेतकऱ्याला जास्त कळते. सगळ्यात धोक्याचा काळ कोणता? उन्हाळ्यात मॅट कोरड्या मातीत असते, तिचा विरोध वाढतो, पण पायाखालची धूळही कोरडी असते, ती थोडे वाचवते. भर पावसाळ्यात पाय ओले असतात, पण मॅटभोवतीही ओल पोहोचलेली असते. मधला काळ वाईट. मृगाचा पहिला वळीव पडतो, वरची दोन बोटे माती चिखल होते, दोन फुटांवरची मॅट अजून वैशाखातच असते. पायाचा अडसर गेला, मॅटचा विरोध तसाच. आणि नेमके त्याच आठवड्यात वादळ, वीज कोसळणे, फांद्या पडणे, इन्सुलेटर फुटणे, म्हणजे दोषही सर्वांत जास्त. दुसरी तशीच जागा म्हणजे कुंपणाला लागून बारमाही ठिबकवर असलेली बाग. यार्ड कोरडे, बागेची माती वर्षभर ओली.

आता वेळेचे बोलू. वरचे सगळे आकडे अर्ध्या सेकंदाचे आहेत. दोष झाला की रिलेने ओळखायचे आणि ब्रेकरने तोडायचे. ब्रेकर तुटायला उपकेंद्रातली बॅटरी लागते. बॅटरी उतरलेली असेल, चार्जर बंद असेल, तर ब्रेकर उभाच राहतो आणि दोष वरच्या केंद्रातून तुटेपर्यंत चालू राहतो. दोन सेकंद चालला तर माणसाची सोसण्याची मर्यादा निम्म्यावर येते. ओल्या रानात एकशेसहासष्टऐवजी ब्याऐंशी-त्र्याऐंशी व्होल्ट. म्हणून आम्ही म्हणतो, बॅटरीतले पाणी हाही अर्थिंगचाच भाग आहे. तार तुटून रानात पडली आणि फीडर ट्रिप झाला नाही, असा अनुभव ज्या गावाला आला असेल त्या गावाने हे प्रकरण वायरमनच्या दुर्लक्षाचे म्हणून मिटवू नये.

आणखी एक गोष्ट, जी गावाच्या डोळ्यांना दिसत नाही. उपकेंद्र बांधताना करंटचा एक अंदाज धरलेला असतो. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र १९७० च्या दशकात उभे राहिले, पुढे पंप वाढले, लाइनी वाढल्या, मोठ्या केंद्रांत ट्रान्सफॉर्मरवर ट्रान्सफॉर्मर चढले. १३२ केव्हीच्या केंद्रात २५ एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर असताना ३३ केव्हीच्या बसवर दोषाचा करंट चार हजार अँपिअरच्या आसपास येतो. दुसरा तसाच त्याला समांतर जोडला की तो जवळपास दुप्पट होऊ शकतो. तारेच्या लांबीने गावापर्यंत येताना तो घटतो, पण पूर्वीपेक्षा जास्तच राहतो. म्हणजे वीस किलोमीटरवर काम झाले, आपल्या गावच्या यार्डात कोणी कुदळही मारली नाही, आणि आपल्या मॅटवरचा भार वाढला. क्षमता वाढवल्याचा फलक लागतो, नारळ फुटतो. मॅटचे गणित पुन्हा केले का, हे विचारणारा तिथे कोणी नसतो. तो आपण व्हायचे.

आता आपल्या बाजूचे बोलतो, आणि हे जरा कडू लागेल. मॅटवरचे व्होल्टेज यार्डापुरते राहिले तर बरे. जिथे यार्ड संपते तिथून साधारण वीस-बावीस मीटरवर ते एकतृतीयांश होते, शंभर मीटरवर आठव्या हिश्श्याच्या आसपास. एकजिनसी जमीन धरून केलेला हा हिशेब आहे. पण तुम्ही जर कुंपणाला तार बांधली, तर ते व्होल्टेज न घटता तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. द्राक्षाच्या मांडवाची ताण-तार उपकेंद्राच्या कुंपणाच्या अँगलला बांधलेली आपल्या जिल्ह्यात दिसते. एक अँगल वाचला, सात-आठशे रुपये वाचले. त्या तारेला सबंध बाग जोडलेली असते आणि बागेत विरळणीच्या दिवसांत चाळीस बायका हात वर करून घड धरून उभ्या असतात. मांडवाची तार, काटेरी कुंपण, झटका मशीनची तार, लोखंडी पत्र्याची कांदाचाळ, जनावराची साखळी, यांतले काहीही उपकेंद्राच्या कुंपणाला टेकता कामा नये. दोन्हींत इतके अंतर हवे की एक माणूस दोन्हीला एकदम हात लावू शकणार नाही. अडीच-तीन मीटर सोडा. पाण्याची लोखंडी लाइन यार्डाला लागून जात असेल तर तेवढ्या भागात पीव्हीसीचा तुकडा घाला.

आणि प्लॉटचे काय? उपकेंद्र झाले तेव्हा ते गावाबाहेर गायरानात होते. त्याच्याकडे घरे कोण घेऊन गेले? रस्ता आहे, उजेड आहे म्हणून कुंपणाला लागून प्लॉट पाडणारे आपल्यातलेच होते. घेणाऱ्याला कोणी सांगितले नाही. आता घरे पाडा असे आम्ही म्हणत नाही, म्हणू शकत नाही. पण नवा प्लॉट पाडताना कुंपण आणि घर यांच्यात रस्ता सोडा, आणि उपकेंद्राच्या बाजूला विटांची भिंत घाला, जाळी नको.

डीपीचेही तसेच. प्रचलित पद्धतीत डीपीला तीन वेगळे खड्डे असतात : विजेच्या कडकडाटाला अडवणाऱ्या अरेस्टरचा, टाकीचा आणि न्यूट्रलचा. यातले दोन गायब झाले आणि सगळे एकाच खड्ड्यात कोंबले, की ११ केव्हीचा दोष टाकीवर उतरताच न्यूट्रलवर चढतो आणि न्यूट्रल तर घराघरात गेलेला आहे. एका रात्रीत वस्तीतले सगळे टीव्ही जळतात ते बऱ्याचदा असे. पट्ट्या चोरून भंगारात विकणाराही गावातलाच असतो, हे आपण सगळे जाणतो.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लिहिले होते की पुरवठादाराने आपल्या सर्व अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून एकदा तरी करायची, तिची नोंद ठेवायची आणि निरीक्षकाने मागितली की दाखवायची. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, त्यांतही कोरड्या ऋतूतल्या चाचणीचे आणि नोंदीचे कलम राहिले. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. शब्द महत्त्वाचा आहे : कोरडा ऋतू. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा कितीही सुंदर असला तरी तो पावसाचा आकडा आहे, मॅटचा नाही. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून घेतलेला आकडा त्याच जातीचा. अर्थिंगसाठी आपल्याकडे भारतीय मानक ३०४३ आहे, १९८७ ची आवृत्ती बरीच वर्षे चालली, २०१८ मध्ये ती सुधारली. तिचा उल्लेख अर्जात जरूर करा.

२००३ च्या वीज कायद्याचे कलम १६१ असे की विजेने माणूस किंवा जनावर मेले, जखमी झाले, तर त्याची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवता येते. त्यात जनावर हा शब्द आहे, तो आपल्या उपयोगाचा. बैल गेला तर पंचनामा तलाठ्यापाशी थांबवू नका, विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात लेखी द्या. आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात निकाल दिला आहे की असा जोखमीचा उद्योग चालवणाऱ्याची भरपाईची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध होण्यावर अवलंबून नाही. जंगलातली वीज नव्हे, तारेतली आहे; ज्याने ती आणली, त्याने तिचा बंदोबस्त करायचा.

हे आज बोलायचे कारण असे की उपकेंद्रे वाढणार आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. दिवसा वीज मिळते, म्हणून आपण तिचे स्वागत केले आहे आणि ते मागे घेत नाही. या योजनेतले सौर प्रकल्प गावच्या उपकेंद्राला येऊन मिळतात. सौर इन्व्हर्टर स्वतः फार मोठा दोष-करंट देत नाहीत, उगाच त्यांच्या नावाने ओरड नको. पण नवे ट्रान्सफॉर्मर बसतात, नवे यार्ड बसते, आणि दोन यार्डांना जोडणाऱ्या केबलचे धातूचे आवरण एका यार्डाचे व्होल्टेज दुसऱ्यात नेऊ शकते. जागा ग्रामपंचायतीची असते, ठराव ग्रामसभेचा असतो. ठरावाच्या वेळी जो कागद मागाल तो मिळतो, नंतर मागाल तो मिळत नाही. तेव्हा ठरावातच लिहून घ्या की जागेवर चार खुंट्यांची मोजणी निदान चार-पाच वेगवेगळ्या अंतरांवर होईल आणि ग्रामपंचायतीचे दोन सदस्य तिथे हजर राहतील. मॅटच्या गणिताची प्रत पंचायतीला मिळेल, आणि त्या गणितात कुंपणाबाहेर एक मीटरवरचे स्पर्श आणि पाऊल व्होल्टेज, खडी न धरता, ओली माती धरून काढलेले असेल. ‘मॅटचा विरोध एक ओहमच्या आत’ एवढी ओळ पुरेशी मानू नका. ओहम कमी आहे म्हणून जागा सुरक्षित, असे होत नाही. करंट किती, वेळ किती, जाळी किती दाट, हे त्याच्यासोबत आले पाहिजे.

जुन्या उपकेंद्रांसाठी माहिती अधिकार आहे, २००५ पासून. दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज करायचा. मागायचे काय : मागच्या दोन चाचण्यांचे आकडे आणि त्यांच्या तारखा, उपकेंद्र उभारताना धरलेला दोष-करंट आणि आज धरलेला, बॅटरीच्या देखभालीची नोंदवही, आणि मॅट उकरून शेवटची कधी पाहिली ती तारीख. तारीख जुलै-ऑगस्टची निघाली तर पुढच्या एप्रिल-मे मध्ये पुन्हा चाचणी घ्या असे लेखी मागा. अर्जात भांडणाचा सूर नको. आतला ऑपरेटर आपला शत्रू नाही, त्याची ड्यूटी त्याच मॅटवर आहे आणि मॅट बिघडली तर पहिला तोच जायचा. अनेक कनिष्ठ अभियंत्यांना हे काम व्हावे असे मनापासून वाटते, त्यांना गावाच्या पत्राचा आधार हवा असतो.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत एक तपासणी आपण कुंपणाबाहेर उभे राहून करू शकतो, तिला कोणाची परवानगी लागत नाही. यार्डातल्या खडीकडे पाहा. खडीत गवत वाढले असेल, कोणाची शेळी आत चरत असेल, तर समजा की खडीत माती भरली आहे. गवताला माती आणि ओल लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माती भरलेली खडी पायाला अडसर करीत नाही. ती काढून, धुऊन, चाळून परत पसरावी लागते. हातापायाला न लावता दुरून सांगाड्याच्या पायाकडे पाहा, पट्टी जमिनीत उतरते तिथे ती तुटलेली, कापलेली दिसते का. कुंपणाला कोणाची तार बांधली आहे, ते लिहून घ्या, नाव लिहू नका, गट नंबर लिहा.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांना अर्जाचे नमुने आज बैठक संपल्यावर मिळतील. आपापल्या तालुक्यातल्या उपकेंद्रांची यादी करून, ज्याच्या शंभर मीटरच्या आत घर, गोठा किंवा शाळा आहे ते वर लिहा. निफाड, दिंडोरीच्या मंडळींनी मांडवाच्या तारांचे काम छाटणीच्या आधी उरकायचे आहे, कारण छाटणी झाली की मजूर आत असतात.